त्याच बेटावर चौथ्यांदा?



मागच्या अंकात आम्ही उन्हाळ्यात पाणी किती प्यावे यावर लिहिले होते. त्यावर तीन फोन आले, त्यांतले दोन आमच्या बहिणींचेच. यावेळचा विषय तब्येतीचा नाही, म्हणजे अगदीच नाही असेही नाही. विषय आमच्या घरातल्या भांडणाचा आहे. पण ज्या अर्थी आमच्या घरी हे भांडण झाले, त्या अर्थी आणखीही घरांत होत असणार, म्हणून लिहिण्यास हरकत नाही.

त्याचे असे झाले. एका शुक्रवारी रात्री मुलगी, जावई आणि तिन्ही नातवंडे आमच्याकडे जेवायला होती. नारळाच्या दुधातली मासळी, भात, वर काकडीची कोशिंबीर. सगळे खुशीत. जावईबापूंनी पाणी पिता पिता सहज विचारले, "मग, पुढच्या खोफेशला अबू धाबीच ना?" मधला आणि धाकटी दोघेही खुर्चीवरून उडालेच. थोरली मात्र ताटातून मान वर न करता म्हणाली, "चौथ्यांदा? मी नाही येणार. कंटाळा आला मला त्या जागेचा." यावर आमची मुलगी म्हणाली, "तू येणार नसशील तर कोणीच जायचे नाही." धाकटीने तिथेच भोकाड पसरले. आमचे हे म्हणाले, "पूर्वी लोक एकदा काशीला जायचे आणि परत यायचे, पुन्हा पुन्हा नव्हते जात." ह्यांच्या बोलण्याचा संबंध कशाशी असतो हे पन्नास वर्षांत आम्हांला कळलेले नाही.

मग सगळ्यांनी आमच्याकडे पाहिले. चाळीस वर्षे मुलांच्या वॉर्डात नोकरी केली म्हणजे मुलांच्या पोटातले आणि मनातले दोन्ही ओळखता येते, अशी घरात समजूत आहे. आम्ही म्हटले, "थांबा, विचार करून सांगते." तो विचार हाच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी त्या जागेबद्दल. २०२० च्या सप्टेंबरात अमिरातीशी करार झाला, नोव्हेंबरात दुबई ते तेल अवीव थेट विमाने सुरू झाली, आणि २०२१ च्या ऑक्टोबरात व्हिसाची अटही गेली. तोवर आम्हां इस्राएली पासपोर्टवाल्यांना दुबई म्हणजे चंद्र होता. मुंबईतले आमचे जुने शेजारी नोकरीसाठी तिकडे जात, आम्ही नकाशात बघत बसू. आणि एके दिवशी तीन-साडेतीन तासांत तिथे! विमानात बसून आम्ही नुसते खाली वाळवंट बघत होतो, आणि मुले विचारत होती की जेवण कधी देणार.

अबू धाबीच्या शेजारी यास नावाचे बेट आहे. साधारण पंचवीस चौरस किलोमीटरांचे. तिथे मोटारींच्या शर्यतीचा रस्ता आहे, पहिली मोठी शर्यत २००९ साली झाली. त्याच्या बाजूला २०१० मध्ये फेरारी वर्ल्ड उघडले, लाल छपराखालची भली मोठी बाग. मग २०१३ साली पाण्याची बाग, यास वॉटरवर्ल्ड. २०१८ साली वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड, म्हणजे बग्ज बनी, टॉम आणि जेरी, बॅटमन वगैरे मंडळी. आणि २०२३ च्या मे महिन्यात सीवर्ल्ड. चार बागा, मध्ये हॉटेले, एक मोठा मॉल. पाण्याची बाग सोडली तर बहुतेक सगळे छपराखाली आणि मझगान चालू. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत आमच्यासारख्यांना शाल लागते. ज्यांनी हे बांधले त्यांनी हिशोब करूनच बांधले आहे. एक बाग असती तर माणूस एक दिवस आला असता आणि निघून गेला असता. चार असल्या की चार दिवस राहावे लागते, आणि एखादी राहून जाते, म्हणून पुन्हा यावे लागते.

आम्ही पहिल्यांदा गेलो २०२२ च्या ऑगस्टमध्ये. दुसऱ्यांदा २०२३ च्या ऑगस्टमध्ये. २०२३ च्या ऑक्टोबरनंतर कोणाला सहलीचे नावही काढवत नव्हते, त्यामुळे २०२४ कोरडे गेले. तिसऱ्यांदा २०२५ च्या उन्हाळ्याच्या शेवटी. पहिल्या दोन वेळा आमचे हेही होते, तिसऱ्या वेळी गुडघ्याने नकार दिला.

आता मुलांनो, तुमच्यासाठी. फेरारी वर्ल्डमध्ये फॉर्म्युला रोसा नावाची गाडी आहे. २०१० साली सुरू झाली तेव्हा ती जगातली सर्वांत वेगवान रोलर कोस्टर होती. ताशी २४० किलोमीटर, आणि तो वेग पाच सेकंदांच्या आत गाठते! विमानवाहू जहाजावरून विमान जसे ढकलून उडवतात, तसे काहीसे यंत्र तिला पुढे फेकते. वर चढते ५२ मीटर, म्हणजे सतरा मजली इमारतीइतकी समजा. बसणाऱ्यांना डोळ्यांना चष्मे लावावे लागतात, कारण त्या वेगात वाळूचा कण किंवा चिलट डोळ्यात गेले तर दवाखानाच गाठावा लागेल. आणि बसायचे तर उंची १४० सेंटिमीटर हवी. दारातच मोजपट्टी उभी आहे, आणि तिथला माणूस तुमच्या आईचे, बाबांचे, आजीचे, कोणाचेही ऐकत नाही. बरोबर करतो. आम्ही त्या जागी असतो तर आम्हीही ऐकले नसते.

हे उंचीचे प्रकरण लक्षात ठेवा, कारण आमच्या घरातले अर्धे उत्तर त्यात आहे. २०२२ साली आमचा मधला त्या पट्टीखाली उभा राहिला तेव्हा चांगला अकरा सेंटिमीटर कमी भरला. रडला नाही, पण दिवसभर जेवला नाही. २०२३ साली पुन्हा उभा राहिला. चार बोटे कमी! त्याने केस वर उभे करून जेल लावले होते, त्या माणसाने हसत हसत ते तळहाताने खाली दाबले. मग मध्ये एक वर्ष गेले, आणि २०२५ साली हा पट्ट्या पट्टीच्या वर. त्याला विचारा, तीच जागा पाहून कंटाळलास का? तो म्हणेल, कसली तीच जागा? त्याच्यासाठी पहिली दोन वर्षे ती बाग बंदच होती. गाडीतून उतरला तेव्हा पांढराफटक पडला होता, आम्ही नाडी पाहिली, १२४. म्हणाला, "पुन्हा." दुसऱ्यांदा बसून आला, नाडी १०८. तिसऱ्यांदा ९६, आणि पॉपकॉर्न मागू लागला.

हे नर्सच्या नजरेने पाहण्यासारखे आहे. शरीर एकदा ज्याला घाबरते त्याला दुसऱ्यांदा तेवढे घाबरत नाही. वॉर्डात इंजेक्शनाचे उलट व्हायचे, पहिल्याला मूल गाफील असायचे आणि दुसऱ्याला आम्हांला दारात पाहूनच किंचाळायचे. पण आठवडाभर रोज टोचले की आपणच हात पुढे करायचे. म्हणून निव्वळ धडकी भरवणाऱ्या गोष्टी लवकर शिळ्या होतात आणि बागवाल्यांना सारखे काहीतरी नवे उभे करावे लागते. फेरारीत २०२३ च्या जानेवारीत नवी गाडी आली, त्याच वर्षी सीवर्ल्ड आले, २०२५ साली पाण्याच्या बागेत नव्या घसरगुंड्यांचा मोठा भाग जोडला. आणि २०२५ च्या मे महिन्यात डिस्नेवाल्यांनी जाहीर केले की त्यांची बाग याच यास बेटावर होणार. कॅलिफोर्नियात १९५५ साली पहिली झाली, मग फ्लोरिडा, टोकियो, पॅरिस, हाँगकाँग, शांघाय, आणि ही सातवी. बांधायला वर्षे लागतील. धाकटीने हिशोब केला आहे की तोवर ती १४० ची होईल.

धाकटीचे मात्र सगळेच निराळे. तिला नवे काही नकोच. तिला बग्ज बनीच्या गल्लीतले तेच फिरते झोके, त्याच दुकानातली तीच थंडगार लिंबाची बर्फी, तीच खोली, तोच पलंग, खिडकीकडचा. २०२३ साली एका हॉटेलाने (नाव लिहीत नाही) आधीच्या वर्षीसारखी चूल-फ्रीजवाली खोली कबूल करून ऐन वेळी दुसरीच दिली. आम्हांला त्रास झाला तो जेवणाचा, कारण आम्ही घरून पोहे, लाडू, डाळ-तांदूळ असा शिधा नेतो, खाण्यापिण्याचे आपले नियम असतात ना. पण धाकटीला त्रास झाला तो वेगळाच. ती दारात बसून म्हणू लागली, "हे आपले अबू धाबी नाही." तिची समजूत घालता घालता रात्रीचे अकरा वाजले. लहान मुलाला तीच गोष्ट शंभरदा का ऐकावीशी वाटते, ते वॉर्डात आम्ही फार पाहिले आहे. पुढे काय होणार ते ठाऊक असले की ते निवांत झोपते. त्याला आपण मोठी माणसे उगाच नवे पुस्तक आणतो.

आता आमच्याच पिढीचे घ्या. आम्ही माझगावच्या सर एली कदुरी शाळेत शिकलो. थीम पार्क हा शब्दच नव्हता. मजा म्हणजे रविवारी चालत भायखळ्याची राणीची बाग. तोच हत्ती, तीच पाठीवरची फेरी, तीच भेळ. वर्षातून एकदा मलबार हिलवर म्हातारीचा बूट. आत शिरायचे, वर चढायचे, खिडकीतून हात हलवायचा, खाली उतरायचे. बस्स, एवढेच. आणि मे महिन्यात अलिबागेस आजोळी. भाऊच्या धक्क्यावरून लाँच, रेवसला उतरायचे, पुढे एस्टी. दर वर्षी तोच रस्ता. ओहोटी लागली की चालत कुलाबा किल्ल्यात जायचे, आणि मामा ओरडायचे, "पाणी चढायच्या आत फिरा!" चौदा वर्षे आम्ही तेच केले. कंटाळा आला का, असे आम्हांला कोणी विचारलेच नाही. खरे सांगायचे तर विचारले असते तर पंधराव्या वर्षी आम्हीही हो म्हटले असते. त्या वर्षी आम्ही मैत्रिणींबरोबर माथेरानला जायचा हट्ट धरला होता आणि आईने कानाखाली वाजवली होती. अलिबागला गेलो, महिनाभर तोंड फुगवून बसलो. पुढे चार वर्षांत आम्ही इकडे आलो. आजोळचे घर त्यानंतर विकले गेले. हे आम्ही थोरलीला कधी सांगितले नव्हते.

मध्येच एक गंमत सांगतो. ज्या जागी आम्हांला स्वतःला परत जायचे होते, ती जागाच राहिली नाही! २०२२ साली आम्ही एक संध्याकाळ दुबईकडे गेलो होतो. जेबेल अलीच्या पुढे दुबई पार्क्स म्हणून आहे, तिथे २०१६ साली बॉलिवूड पार्क्स उघडले होते. शोलेची फेरी, लगानची फेरी, महालासारखे नाटकगृह, आणि आकाशात फिरवणारा १४० मीटरांचा पाळणा. आम्ही आणि आमचे हे, दोघेही वीस वर्षांचे झालो. ह्यांनी तर गब्बरचा आवाज काढून दाखवला. नातवंडे मात्र आमच्याकडे बघत उभी. त्यांना शोले म्हणजे काय, गब्बर कोण, काही ठाऊक नाही. जावईबापू तर मोरोक्कन घरातले, तेही तसेच. आम्ही ठरवले, पुढच्या वर्षी इथे पुन्हा यायचे, फक्त दोघे. आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये ती बाग कायमची बंद झाली. आजोबांना आवडते आणि नातवाला कळत नाही, अशी जागा चालणे कठीणच. शेजारचे लेगोलँड चालते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आहे, तिथे ठोकळ्यांची सतरा मीटर उंच बुर्ज खलिफा केली आहे. पण तिथेही तेरावे लागले की मूल फिरकत नाही. त्यांना त्याची फिकीर नसावी, मागून नवी मुले येतच असतात.

दुबईचीच ग्लोबल व्हिलेज नावाची जत्रा आहे, ती आम्हांला शहाणी वाटते. फक्त थंडीच्या दिवसांत भरते आणि उन्हाळ्यात बंद. देशोदेशीची दुकाने, खाणे, पाळणे. अगदी आपल्या वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेसारखे. जत्रेला कोणी कंटाळत नाही, कारण ती उठून जाते. आम्ही स्वतः तिथे गेलेलो नाही, आमच्या सुट्ट्या पडतात उन्हाळ्यात.

कंटाळ्याबद्दल सगळ्यांत जास्त ज्याला विचारायला हवे होते, त्याला आम्ही विचारलेही. एका बागेत (कुठल्या ते सोडा) मुलांना पट्टे बांधणारा एक तरुण होता. २०२२ साली आम्ही धाकटीला "अगं, हळू, पडशील!" म्हणालो, तशी त्याने चमकून पाहिले. "आजी, तुम्ही मराठी?" आम्ही म्हटले, "मराठीच. तू कुठला?" म्हणाला, "रायगड. माणगाव." आम्ही म्हटले, "म्हणजे कुलाबा जिल्हा." तो म्हणे, "नाही आजी, रायगड." आता १९८१ साली नाव बदलले ते आम्हांला कळायला तो इथे उभा राहायला हवा होता! आम्ही इस्राएलहून आलो म्हटल्यावर थोडा गप्प झाला, मग म्हणाला, "आमच्या आजीच्या तोंडी शनवार तेली असे नाव होते. ते तुम्हीच का?" आम्ही म्हटले, "तेच आम्ही." त्याने धाकटीला पट्टा दोनदा तपासून बांधला.

२०२३ साली तो दिसला नाही. २०२५ साली दुसऱ्याच पाळण्यावर भेटला. आम्ही विचारले, "बाळा, रोज तेच, तेच गाणे, तोच पाळणा, तुला कंटाळा नाही येत?" तो हसला. म्हणाला, "आजी, कंटाळा आला तर भागेल का? गाणे आता ऐकूच येत नाही." त्याची मुलगी सात वर्षांची, गावी असते. तिने ही बाग फक्त फोनवर पाहिली आहे. तो दोन वर्षांनी एकदा घरी जातो, महिनाभर. आम्ही म्हटले, "मग तिला कुठे फिरायला नेतोस?" म्हणाला, "खोपोलीला इमॅजिका आहे, तिथे न्यायचे म्हणतो दर वेळी. पण ती म्हणते, नको, घरीच थांबा." मागे रांग वाढत होती. त्याने हात जोडले आणि पुढच्या मुलाचा पट्टा बांधायला घेतला. तिकीट किती, खोली कशी, यावर आम्ही घरी जे वाद घालतो त्यांची त्या क्षणी आम्हांला लाज वाटली, हे लिहून ठेवतो.

आता आमच्या मुलीचे. ती सहलीत कंटाळते की नाही हे तिला कोणी विचारत नाही, तसे आम्हांलाही कधी कोणी विचारले नव्हते. पहिल्या वर्षी तिची काय धावपळ! पाण्याच्या बाटल्या, मोजे, सनक्रीम, तिकिटे फोनवर उघडत नाहीत, धाकटीला शी लागली आणि जागा सापडेना, ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या खोलीवर राहिल्या. पाच दिवसांत ती एकदाही बसली नाही. दुसऱ्या वर्षी निम्मी बसली. तिसऱ्या वर्षी आम्ही पाहिले, सीवर्ल्डच्या मोठ्या काचेसमोर ती जमिनीवर मांडी घालून बसली होती. त्या टाकीत अडीच कोटी लिटर पाणी आहे, शार्क, मोठमोठी पाकटे, हजारो मासे. (२०२३ साली याच काचेपुढे आमच्या ह्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली होती, आणि ती घटना साधी नव्हे.) मुले कुठे आहेत हे तिला ठाऊक होते, कुठल्या दारातून येतील तेही ठाऊक होते. ती पाऊण तास हलली नाही. नव्या जागी आईची सुट्टी होत नाही, वाचकहो. तिला सगळे पाठ झाले की मग कुठे तिची सुट्टी सुरू होते. "दर वर्षी तेच का?" असे विचारणाऱ्या पुरुषमंडळींनी एकदा स्वतः पाच जणांच्या बॅगा भराव्या.

राहिली थोरली. तिच्याशी आम्ही त्या शुक्रवारनंतर दोन दिवसांनी बोललो, ती आमच्याकडे चपात्या लाटायला शिकायला येते तेव्हा. लाटताना माणूस खरे बोलते, समोर बघावे लागत नाही ना. आम्ही विचारले, "खरेच कंटाळलीस?" ती म्हणाली, "आजी, गाड्यांचा कंटाळा नाही आला. फोटोचा आलाय." फेरारीच्या दाराशी लाल भिंत आहे. आई तिघांना दर वेळी तिथे उंचीप्रमाणे उभे करते आणि फोटो काढते. २०२२, २०२३, २०२५. फ्रीजवर तिन्ही लावलेले आहेत, आम्हीही रोज बघतो, पण त्यात काही विशेष आहे असे आम्हांला कधी वाटले नव्हते. ती म्हणाली, "गेल्या वेळी फोटो काढताना आई रडत होती. गॉगल होता, पण मला कळले. पुढल्या वेळी अजून रडेल. मला तिथे उभे नाही राहायचे."

थोरली आता सतरा वर्षांची आहे. त्यापुढचे वर्ष कशाचे असते ते इथल्या घरांना सांगायला नको. सुट्ट्या मग घरच्या राहत नाहीत, कमांडरच्या होतात. आम्ही दोन मुलांना आणि एका मुलीला स्टेशनवर पोचवून आलो आहोत. त्यांतल्या पहिल्याच्या वेळी आम्ही रात्रपाळीला गेलो आणि कोणाशी बोललो नाही. त्यामुळे मुलीचे "तू नाहीस तर कोणीच नाही" आम्हांला कळत होते, आणि नातीचे "मला तिथे उभे नाही राहायचे" तेही कळत होते. दोघी एकाच गोष्टीबद्दल बोलत होत्या आणि नाव घेत होत्या अबू धाबीचे.

आम्ही तिला अलिबागचे सांगितले, माथेरानचे, कानाखाली वाजवली त्याचे. ती हसली, म्हणाली, "तुझी आई भारीच होती." मग विचारले, "आणि घर विकले तेव्हा?" आम्ही म्हटले, "चपाती करपते आहे, बघ."

तर आमचा निकाल असा. विमाने नीट उडत असली आणि मने ठिकाणावर असली, तर जावे. बेट तेच, खोली तीच, धाकटीचा पलंग खिडकीकडचा. आईने फोटो काढावा, पण मुलांना उंचीप्रमाणे उभे करू नये, कसेही उभे राहू द्यावे. आणि एक दिवस पूर्ण थोरलीचा. ती म्हणेल तिथे जायचे, इतरांनी कुरकुर करायची नाही. तिने फोनवर शोधून ठेवलेही आहे: दुबईची खाडी, एका दिरहमात पलीकडे नेणारी लाकडी होडी, तिला तिथे अब्रा म्हणतात, या काठी बुर दुबईचा मीना बाजार, त्या काठी सोन्याची गल्ली. तिला गर्दीत हिंडायचे आहे आणि कुठेतरी उभ्याने वडापाव खायचा आहे. आम्ही म्हटले, त्या दिवशी आम्ही तुझ्याबरोबर. भाऊच्या धक्क्यानंतर आम्ही तशा होडीत बसलो नाही. आमचे हे म्हणाले, "गुडघ्याचे बघू."

मुलीला निकाल पटला. फोटोबद्दल ती काही बोलली नाही, भांडी घासत राहिली. थोरलीने अजून हो म्हटलेले नाही.

परवा मात्र स्वयंपाकघराच्या चौकटीशी धाकटी टाचा भिंतीला लावून उभी होती. सकाळीच तिला मोजले होते, १२९. संध्याकाळी पुन्हा मोज म्हणून हट्ट. पेन्सिल थोरलीच्या हातात होती. तिने धाकटीचे केस तळहाताने खाली दाबले, रेघ मारली आणि म्हणाली, "एकशे एकोणतीसच. अजून अकरा." धाकटी म्हणाली, "दूध दे."